तळमजल्याची खोली

‘हवापालट’ हा शब्द आता फारसा कानावर पडत नाही. आमच्या लहानपणी तो औषधाच्या चिठ्ठीवर लिहावा इतक्या गांभीर्याने उच्चारला जाई. टायफॉइडमधून उठलेल्या माणसाला, बाळंतपणानंतर सुकलेल्या लेकीला, नोकरीने थकलेल्या थोरल्या काकांना डॉक्टर सांगत, ‘जरा हवापालट करून या.’ ज्यांना परवडे ते पाचगणी, महाबळेश्वर, माथेरान गाठत. ज्यांना परवडत नसे ते कोकणात मामाकडे जात. हवा तीही बदललेलीच असे. या हवापालटाला कार्यक्रम नसे. सकाळी व्हरांड्यात बसायचे, दुपारी निजायचे, सायंकाळी पायांना झेपेल तितके फिरून यायचे. आता त्याची जागा ‘ट्रिप’ने घेतली आहे, आणि ट्रिप म्हटली की कार्यक्रम आलाच.

वाचकहो, आपल्यापैकी अनेक जण या दिवसांत मुला-नातवंडांबरोबर डोंगरावर जाण्याचे बेत करीत असतील. काहींच्या हाती तिकिटेही आली असतील. म्हणून गेल्या मे महिन्यातील आमच्या सिमल्याच्या सहलीचा वृत्तान्त या खेपेस आपल्यापुढे ठेवते. ही सहल बहुतेक सर्व अर्थांनी फसली. छायाचित्रे तेवढी उत्तम आली आहेत. त्यांवर कोणी विश्वास ठेवू नये.

आम्ही सात जण होतो. मी, आमचे ‘हे’, वय ७४, रक्तदाबाची जुनी तक्रार, माझ्या थोरल्या नणंदबाई, वय ७८, वीस वर्षांचा मधुमेह आणि रोजचे इन्शुलिन, मुलगा आणि सून, अकरा वर्षांची नात आणि सात वर्षांचा नातू. मुलाने महिनाभर खपून सारी आखणी केली होती. तासातासाचा तक्ता प्लास्टिकच्या पाकिटात घालून त्याने तो सर्वांना दाखवला, तेव्हा आमच्या वन्सं म्हणाल्या, ‘‘परीक्षेचं वेळापत्रक आहे की काय रे हे?’’ सूनबाईने प्रत्येकासाठी निराळ्या रंगाची पाण्याची बाटली आणली होती, म्हणजे अदलाबदल नको. ह्यांची बाटली निळी. ती लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

कालक्याहून सिमल्याला जाणारी छोटी रेल्वे पाहावी असे माझ्या मनात फार वर्षांपासून होते. १९०३ साली सुरू झालेला हा ९६ किलोमीटरचा मार्ग शंभराहून अधिक बोगद्यांतून आणि आठशेच्या वर पुलांवरून वर चढतो. २००८ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. एवढे अंतर कापायला गाडी पाच-साडेपाच तास घेते, कारण तिला कसलीच घाई नसते. पहिल्या दहा बोगद्यांपर्यंत मुले प्रत्येक बोगद्यात ओरडली. विसाव्यानंतर त्यांचे घसे बसले. तिसाव्याच्या सुमारास नातवाला उलटी झाली, ती तक्त्याच्या पाकिटावर. प्लास्टिकचे आवरण असल्यामुळे तक्ता बचावला, याचे मुलाला समाधान आणि आम्हांला दुःख झाले.

डब्याच्या टोकाला एक अरुंद स्वच्छतागृह होते. गाडी निघण्यापूर्वीच हे उठून ते पाहून आले. परत येऊन काही बोलले नाहीत. वळणावळणाला अंग हेलकावते, पकडायला दांडी धड नाही, दाराबाहेर चार माणसे उभी. चौऱ्याहत्तर वर्षांच्या पुरुषाने, ज्याला प्रोस्टेटमुळे थोडा वेळ लागतो, त्याने तेथे कसे जावे? त्यांनी मनाशी काय ठरवले ते आम्हांला तीन दिवसांनी कळले.

सिमल्याचे हॉटेल निवडताना मुलाने फोनवर एकच अट घातली होती : आमच्याबरोबर वृद्ध माणसे आहेत, गुडघ्यांचा त्रास आहे, तेव्हा खोल्या तळमजल्यावरच हव्यात. हॉटेलवाल्याने ती अट आनंदाने मान्य केली होती. एवढ्या आनंदाने का, याचा उलगडा तेथे पोहोचल्यावर झाला.

डोंगराच्या कुशीत बांधलेल्या गावांची रचना आपल्या सपाटीवरच्या डोक्यात सहजी शिरत नाही. रस्ता डोंगराच्या अंगाने जातो आणि इमारती उताराला टेकून उभ्या असतात. त्यामुळे रस्त्यालगत येतो तो इमारतीचा सर्वांत वरचा मजला. स्वागतकक्ष तेथे, भोजनगृह तेथे, मोटार उभी राहणार तीही तेथेच. बाकीचे मजले एकाखाली एक दरीत उतरत जातात, आणि तळमजला खरोखरीच तळाला असतो. आमच्या खोल्या रस्त्यापासून पाच मजले खाली होत्या. नातवाने पायऱ्या मोजल्या : ९२. लिफ्ट होती काय? होती, म्हणजे तिच्यासाठी जागा सोडलेली होती. मुलाने आवाज चढवला तेव्हा व्यवस्थापक अत्यंत नम्रपणे म्हणाला, ‘‘सर, ग्राउंड फ्लोअर तो आपही ने माँगा था।’’ यावर बोलण्यासारखे काही नव्हते. हंगाम असल्याने दुसरी खोलीही नव्हती.

वन्सं काठी टेकीत टेकीत तिसऱ्या वळणापर्यंत उतरल्या, खाली वाकून पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘वहिनी, हे हॉटेल नव्हे. ही बारव आहे.’’ त्यानंतर आमच्या घरात त्या हॉटेलचे खरे नाव कोणी घेतलेले नाही.

गुडघेदुखी असलेल्या वाचकांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असेल. चढताना दम लागतो, पण गुडघे दुखावतात ते उतरताना. पायरी उतरताना शरीराचा सारा भार एका वाकलेल्या गुडघ्यावर तोलून धरावा लागतो, आणि वाटी व मांडीचे हाड यांच्यामधला दाब कितीतरी पटींनी वाढतो. आमचा दिवस सुरू होई चढाने, म्हणजे दम घेऊन. आणि संपे उताराने, म्हणजे कळा घेऊन. चहा प्यायचा तर ९२ पायऱ्या, जेवायचे तर ९२. बिछान्यावर पडल्या पडल्या मी हिशेब केला, दिवसातून तीनदा वर गेले तरी साडेपाचशेच्या वर पायऱ्या होतात. मुलगा चहाचा थर्मास आणि ताटे खाली आणू लागला. दुसऱ्या दिवशी त्याची कंबर धरली. थर्मास घेऊन उतरणारा तो आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन चढणारी सूनबाई जिन्यात एकमेकांना भेटत, एवढाच त्यांचा सहलीतला एकांत.

पहिल्या रात्रीची डाळ कच्चट लागली. नातीने शाळेतील ज्ञान तत्काळ पाजळले : सिमला समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे, म्हणून तेथे पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळते आणि उघड्या भांड्यात डाळ लवकर शिजत नाही. आम्ही नेलेली चिवड्याची पाकिटेही बाहेरचा हवेचा दाब कमी असल्याने उशीसारखी टम्म फुगली होती. त्यांतले एक नातवाने टाळी वाजवून फोडले. चिवडा भिंतीपर्यंत गेला. रात्री अकरा वाजता वन्सं पलंगावर बसून पांघरुणातले शेंगदाणे वेचीत होत्या.

इन्शुलिनची कथा मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. वन्संच्या इन्शुलिनच्या कुप्या सूनबाईने प्रवासभर स्वतःच्या पिशवीत, थंड डब्यात, जिवापाड सांभाळल्या होत्या. खोलीत फ्रीज नव्हता, म्हणून तिने त्या वर स्वागतकक्षात देऊन ‘ठंडी जगह में रखना’ असे सांगितले. तेथल्या मुलाने ते इतके मनावर घेतले की त्याने कुप्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. सकाळी त्या गोठून पांढऱ्या झाल्या होत्या. गोठलेले इन्शुलिन वितळल्यावर पुन्हा पूर्वीसारखे दिसू शकते, पण त्याचा गुण भरवशाचा राहत नाही. ते टाकून द्यावे लागते. सुदैवाने सूनबाईने एक कुपी हातातल्या पर्समध्ये वेगळी ठेवली होती, आणि चिठ्ठी जवळ असल्यामुळे मॉलवरच्या औषधाच्या दुकानात नवीनही मिळाल्या. इन्शुलिन घेणाऱ्यांनी दोन ठिकाणी विभागून औषध न्यावे, असे मी आता भेटेल त्याला सांगते. आणि ज्याच्या हाती ते सोपवायचे त्याला ‘थंड’ म्हणू नये. ‘बर्फात नाही’ असे म्हणावे.

दुसरा दिवस जाखूच्या मारुतीचा. रोपवेने वर गेलो, त्यामुळे चढ वाचला. वर १०८ फूट उंचीची मारुतीची भव्य मूर्ती आहे आणि तिच्या पायाशी तिचे असंख्य वंशज आहेत. चष्मे काढून ठेवा, असे सर्वत्र सांगितले जाते. ह्यांनी वाहनतळावर, रोपवेच्या दारात आणि मंदिराच्या पायरीवर असे तीनदा ते ऐकले, आणि तिन्ही वेळा उत्तर दिले, ‘‘चष्मा काढला तर माकड कसं दिसेल?’’ माकड दिसलेच नाही. मागून आले, खांद्यावर बसले, अत्यंत सफाईने चष्मा काढून घेतला आणि कठड्यावर जाऊन काचा चाटू लागले. प्रसादवाल्याला हा व्यवहार नित्याचा होता. त्याने वीस रुपयांच्या फुटाण्यांची पुडी भिरकावली, माकडाने पुडी झेलली आणि चष्मा सोडून दिला. डावी काच तडकली. समोरच्या हिमशिखरांवर दाट धुके असल्याने पाहण्यासारखे काही नव्हते, त्यामुळे नुकसान निम्मेच झाले, असे वन्संनी सांगितले.

माकडाने ओरबाडले नाही हे आमचे भाग्य. माकडाचा दात किंवा नख लागून कातडी फाटली, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात जायचे असते. रेबीजची लस त्यालाही लागते. आणि ज्यांना चष्म्यावाचून पायरी दिसत नाही त्यांनी जुना का होईना, दुसरा चष्मा जवळ ठेवावा. तडकलेल्या काचेतून ९२ पायऱ्या उतरणाऱ्या माणसाच्या मागे चालताना माझा जीव कसा मुठीत होता, ते मलाच ठाऊक.

तिसऱ्या दिवशी कुफ्री. सिमल्यापासून पंधराएक किलोमीटर; रस्ता गाड्यांनी तुंबलेला, दोन तास लागले. वाटेत उलटी होऊ नये म्हणून मुलगा ह्यांना गोळी देणार होता. ती मी घेऊ दिली नाही, कारण अशा काही गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते आणि प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते, हे आमच्या डॉक्टरांनी पूर्वी बजावले होते. मेमध्ये कुफ्रीला बर्फ नव्हते. चिखल होता, आणि त्या चिखलातून वर नेणारे शेकडो घोडे. एका घोडेवाल्याने वन्संना हेरले. ‘‘माताजी, यह घोड़ा नहीं, सोफा है।’’ वन्संचा एक पाय रिकिबीकडे गेलासुद्धा. हाडे ठिसूळ असल्याचा त्यांचा अहवाल माझ्याकडे होता, म्हणून मी त्यांना धरून मागे ओढले. दोन दिवस त्या माझ्याशी मोजकेच बोलल्या.

मुलगा मुलांना घेऊन घोड्यांवरून वर गेला. आम्ही चहाच्या टपरीपाशी बाकावर बसलो. अर्ध्या तासाने मुले परतली, निघायचे म्हणून हे उठले, आणि उभ्या जागी डोलले. चेहरा पांढरा पडला, डोळ्यांपुढे अंधारी आली. मुलाने वेळीच धरले नसते तर ते दगडावर पडले असते.

वाचकहो, आपल्या देशात माणसाला घेरी यावी आणि वैद्य मिळू नये असे होत नाही. क्षणात दहा वैद्य जमले. कोणी कापूर हुंगवला. कोणी हवा विरळ असल्याचे सांगितले. कोणी साखर भरवली, कोणी कांदा फोडायला सांगितला. एका सद्गृहस्थांनी खिशातून ब्रँडीची चपटी बाटली काढली. घोडेवाला म्हणाला, घोड्यावर बसले असते तर असे झाले नसते. या गदारोळात नातू माझा पदर ओढीत काहीतरी सांगत होता. ते कोणी ऐकले नाही.

सिमल्यात परतताच एका दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने ह्यांना आडवे करून रक्तदाब मोजला, मग उभे करून पुन्हा मोजला. आडव्याने वरचा आकडा १३४ होता. उभे राहिल्यावर तो १०२ वर आला. उभे राहताच वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला तर मेंदूला क्षणभर रक्त अपुरे पडते आणि घेरी येते, असे तिने समजावले. हृदयाचा आलेख काढला, रक्तातली साखर पाहिली. दोन्ही ठीक निघाली. मग तिने हिंदीत साधा प्रश्न विचारला : आज सकाळपासून लघवीला किती वेळा गेलात?

ह्यांनी सुनेकडे पाहिले, नातीकडे पाहिले आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहू लागले. ती मुलगी हुशार. तिने मी सोडून सर्वांना बाहेर पाठवले आणि प्रश्न पुन्हा विचारला. एकदा, पहाटे, तेव्हा तीन वाजले होते. रंग? गडद. पाणी किती प्यायलात? उत्तर आले नाही. तेवढ्यात दाराच्या फटीतून नातवाचा आवाज आला. तो कुफ्रीपासून हेच सांगत होता. ‘‘आजोबांची बाटली जादूची आहे. ती कधी संपतच नाही.’’

निळी बाटली. रोज सकाळी सूनबाई ती भरून देई आणि रात्री ती भरलेलीच परत येई. आगगाडीतले ते स्वच्छतागृह पाहिल्यापासून ह्यांनी पाणी तोडले होते. डब्यात अडचण, बारवेतून वर आल्यावर खोलीत परत जायचे तर ९२ पायऱ्या, रस्त्यात गाडी थांबवायची तर मुलाचा तक्ता कोलमडणार. म्हणून सकाळी औषधापुरता घोट, मग सायंकाळपर्यंत काही नाही. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध आहे. ते मात्र नियमाने चालू होते. शरीरातून पाणी जात होते, येत नव्हते.

हे आमच्या घरापुरते नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वय वाढते तसा तहानेचा इशारा मंदावतो. शरीराला पाणी हवे असते, पण घसा ते सांगत नाही. थंड हवेत तहान आणखी कमी लागते. उंचावर हवा कोरडी असते, श्वास भरभर चालतो आणि उच्छ्वासावाटे पाणी जात राहते. थंडीने लघवीही अधिक होते. घाम दिसत नाही, त्यामुळे पाणी कमी पडत असल्याची शंकाही येत नाही. वृद्ध माणसात पाणी कमी पडल्याची खूण कोरडे ओठ हीच असेल असे नाही. ती घेरी असू शकते, बद्धकोष्ठ असू शकते, सायंकाळी अचानक होणारा गोंधळ असू शकतो. लघवी गडद होते. घरची मंडळी मात्र म्हणतात, वय झाले, प्रवास मानवला नाही.

डॉक्टरांनी हवेला निर्दोष ठरवले. उंचीचा खरा आजार साधारणतः २,५०० मीटरच्या वर गाठतो, आणि तोही बहुतेक तेथे मुक्कामाला राहिल्यावर. कुफ्री त्याहून थोडे उंच असले तरी तासा-दोन तासांत एवढे होत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. ज्यांना ३,५०० मीटरवरच्या लेहला विमानाने थेट उतरायचे आहे त्यांची गोष्ट वेगळी. हृदयाचे वा फुप्फुसाचे दुखणे असेल तर त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, आणि पहिले दोन दिवस खरोखर विश्रांतीत काढावे.

ह्यांना क्षार-साखरेचे पाणी घोटघोट द्यायला सांगितले. पुडीवर लिहिले असेल तितक्याच पाण्यात ती विरघळवायची, अंदाजाने नव्हे. गोळ्यांबद्दल तिने आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावायला लावला आणि दोघांनी बोलून पुढल्या दिवसांसाठी मात्रा आणि वेळ ठरवली. हे महत्त्वाचे आहे. प्रवासात लघवीची अडचण नको म्हणून ती गोळी आपल्या मनाने बंद करणारे अनेक आहेत, आणि हृदय दुबळे असलेल्यांना ते फार महागात पडते. उलट, ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे त्यांनी हा लेख वाचून गडवेच्या गडवे रिचवू नयेत. किती प्यायचे आणि गोळी किती वाजता घ्यायची, हे निघण्यापूर्वी विचारून कागदावर लिहून घ्यावे.

त्या रात्री खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, एकदा सांगायचं होतंत. गाडी थांबवली असती.’’

‘‘दर तासाला थांबव म्हणायचं? तुम्ही इतक्या हौसेनं आणलंत.’’

‘‘हौस आमची कुठली! तुम्हीच म्हणाला होतात, बर्फ बघायचं राहिलं.’’

हे विचारात पडले. तसे ते म्हणाले होते. आठ वर्षांपूर्वी, दूरदर्शनवर काहीतरी पाहताना. सूनबाई म्हणाली, तिला खरे तर चार दिवस झोपायचे होते. आणलेल्या कादंबरीचे पहिले पानसुद्धा पुरे झाले नव्हते. वन्संनी कबूल केले की त्या केवळ यासाठी आल्या, की आपल्यापायी कोणाला घरी अडकावे लागू नये. मुलांना घोडे आवडले होते, पण घोडे माथेरानलाही असतात, हे नातीने लक्षात आणून दिले.

मुलाने उठून तक्ता उलटा ठेवला. उरलेल्या दोन दिवसांचे नालदेहरा, चैल सारे रद्द झाले. सकाळी कार्ट रोडवरून मॉलकडे नेणाऱ्या लिफ्टच्या रांगेत उभे राहायचे, वर जायचे आणि रिजवरच्या बाकावर बसायचे. मॉलवर सर्वसाधारण वाहनांना बंदी आहे, त्यामुळे काठीवाल्यालाही बिनघोर चालता येते. स्वच्छतागृह कोठे आहे ते नातीने पहिल्याच दिवशी शोधून ठेवले. तेथे लहान मुलांना फिरवायला बाबागाड्या भाड्याने मिळतात. हे त्यांतली एक निरखून म्हणाले, ‘‘मोठ्या मापाची नाही का?’’ ते विनोद करू लागले तेव्हा मला खरा धीर आला. रिजच्या खाली शहराला पाणी पुरवणारी ब्रिटिशकालीन टाकी आहे, असे एका फुगेवाल्याने आम्हांला सांगितले. म्हणजे हे तीन दिवस तहानलेले हिंडले ते एका तलावाच्या डोक्यावरून. नातवाने ‘‘बाटली!’’ असे ओरडून ती त्यांच्या हातात दिली.

दोन दिवस सूनबाई दुपारी निजली. मुले आणि आम्ही वर, ती खाली बारवेत, एकटी. पहिल्या दिवशी तीन तास. मागून मुलाने विचारले, काय केलेस? ‘‘छत पाहिलं,’’ ती म्हणाली, आणि हसली. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची, मधुमेहाची, गोळ्यांच्या डब्यांची, मुलांच्या उलट्यांची काळजी घेणारी बाई सहलीला जाते तेव्हा तिचे काम तिच्याबरोबरच प्रवास करते. फक्त स्वयंपाकघर मागे राहते. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या ज्या वाचकांची पत्रे या सदराकडे येतात, त्यांत सहलीहून अधिक थकून परत आल्याची तक्रार बरेचदा असते. त्यात नवल नाही. दुपारचे तीन तास तिच्या नावाने तक्त्यात शाईने लिहावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

वन्संशी बाकावर शेजारी बसलेली एक पहाडी बाई विणीत होती. अर्ध्या हिंदीत आणि अर्ध्या खुणांत दोघींची गट्टी जमली आणि वन्सं एक नवा टाका शिकल्या. घोड्याचा राग त्यानंतर निवळला.

आपण बेत करीत असाल तर हॉटेलला मजला विचारू नका. गाडी थांबते तेथून खोलीच्या दारापर्यंत पायऱ्या किती, हे विचारा. भोजनगृहापर्यंत किती, हेही. आकडा सांगायला लावा. खोलीत पाश्चात्त्य पद्धतीचे शौचकूप आहे का, त्याशेजारी धरायला काही आहे का, रात्री दिवा चालू राहतो का, हेही विचारायला लाजू नका. थंडी फार वाटली तरी कोळशाची शेगडी पेटवून दारे-खिडक्या लावून निजू नये. त्या विषारी वायूला वास नसतो. आणि मधुमेह्यांच्या पायांना गरम पाण्याची पिशवी थेट लावू नये, बधिर कातडीला भाजल्याचे कळत नाही. वन्संना आम्ही लोकरी मोजे दिले. वृद्धांना ‘पाणी प्यायलात का?’ असे विचारल्यास ‘हो’ हेच उत्तर मिळते. बाटली हातात घेऊन पाहावी.

परतीला आगगाडी सोडून मोटारीने चंडीगडला आलो. नातीने एका वहीत रकाने आखले होते : आजोबा, आजी, आत्याआजी, किती वाजता, किती घोट. दर दीड तासाला ती चालकाला थांबायला सांगे, सर्वांना खाली उतरवी, आणि कोणाला कशासाठी उतरायचे आहे हे विचारीत नसे. चार तासांच्या रस्त्याला साडेपाच तास लागले. विमानतळावर हे तीन वेळा उठले. कोणी मान वर करून पाहिलेसुद्धा नाही.